सुनेच्या कंपनीचं गेट

सेक्टर नऊचं हॉस्पिटल मागे पडलं तेव्हा शकुबाईनं नारळाची पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि ताराला म्हणाली, "थकली असशीन त सांग. मी नाही थकली."

तारा थकली होती. सेक्टर दोनमधून निघाल्यापासून दोघी पायीच चालल्या होत्या, आणि पायी चालायचं कारण असं, की त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. भिलाईत त्या दिवशी ज्याच्याकडे चाक आहे, पाना आहे, निदान एखादा पेचकस आहे, तो माणूस पूजेला बसतो. ऑटो चौकाचौकांत होते, पण धुतलेले, पुसलेले, झेंडूच्या माळा घातलेले, आणि त्यांचे मालक बाजूला खुर्च्या टाकून बुंदी खात बसलेले. बोरसीला सोडतोस का, असं शकुबाईनं एकाला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, "माताजी, आज गाड़ी भगवान है." हे शकुबाईनं लगेच मान्य केलं, कारण तिचंही मत तेच होतं.

"हे उद्या नसतं का जमलं, मावशी?" तारानं घाम पुसत विचारलं.

"उद्या सकाळी रेणू शाळेत राजीनामा देऊन राहिली. मंग पाहून काय करू?"

रेणू ही शकुबाईची सून. कॅम्प-१ मधल्या एका लहानशा शाळेत बालवर्गाच्या पोरांना शिकवते. पगार बेताचा, पण नोकरी धडधाकट. सकाळी ती निघाली की तिची गुंजन दारात बसून रडते, आणि मुलीचं ते रडणं रेणू शाळेपर्यंत सोबत घेऊन जाते. अशातच तिच्या मोबाइलवर मेसेज आला. घरबसल्या काम, दिवसातून दोन तास, पगार शाळेच्या कितीतरी पट. रेणूनं "इंटरेस्टेड" म्हणून कळवलं आणि गॅसवरचा चहा उकळायच्या आत तिची निवड झाली. आता फक्त ट्रेनिंगच्या किटचे पैसे भरायचे, आणि दुसरीकडे नोकरी चालणार नाही म्हणून राजीनाम्याचा फोटो पाठवायचा, एवढंच उरलं होतं.

तारा शकुबाईच्या समोरच्या क्वार्टरात राहायची. तिचे यजमान बाबाराव भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, ऑफिसात क्लार्क होते, आणि मुलगा अभिनव रायपूरला बँकेत. अभिनवनं तिला एकदा फोनवर सांगितलं होतं, "आई, नोकरी देणारा पैसे देतो. मागायला लागला की समजून घे." तारानं ते रेणूच्या कानावर घातलं. रेणू गोड हसली आणि म्हणाली, "मावशी, आजकल सब ऑनलाइनच राहते." तारा परत बोलली नाही. दुसऱ्याच्या सुनेला एकदा सांगावं, दुसऱ्यांदा देवाला सांगावं, अशी तिची रीत.

शकुबाईचं म्हणणं मात्र निराळंच होतं. मेसेज आपोआप कसा आला, एवढ्या लवकर निवड कशी झाली, असले प्रश्न तिला पडलेच नाहीत. तिनं एकच गोष्ट धरून ठेवली: गेट कुठं आहे? माणूस नोकरीला जातो म्हणजे गेटातून आत जातो आणि गेटातून बाहेर येतो. मधल्या वेळात काय करतो ते त्यानं घरी नाही सांगितलं तरी चालतं. तिच्या नवऱ्यानं, बाबुलालनं, उभा जन्म प्लांटच्या कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर काढला, पण तो तिथं नेमकं काय करायचा हे शकुबाईला आजही सांगता येणार नाही. गेट मात्र विचारा. कोणत्या गेटानं जायचा, सायकल कुठं लावायचा, गेटावरचा गार्ड कोणत्या गावचा, सगळं पाठ.

"बिना गेटची नोकरी राहते का?" असं तिनं रेणूला सकाळ-संध्याकाळ विचारून विचारून बेजार केलं. शेवटी रेणूनं वैतागून त्या एचआरवाल्या मॅडमला ऑफिसचा पत्ता विचारला. मॅडमनं लगेच पाठवला: ब्रँच ऑफिस, पाण्याच्या टाकीमागे, बोरसी, दुर्ग. खाली लिहिलं होतं, ऑफिसला कोणीही येऊ नये.

"घ्या आई, तुमचं गेट," रेणू म्हणाली. आणि पत्ता आला म्हणून तिचा स्वतःचाच विश्वास दुप्पट झाला.

त्या "येऊ नये"चा शकुबाईनं चांगला विचार केला आणि मग तिला विश्वकर्मा पूजा आठवली. बाबुलाल कामावर होता तेव्हा या दिवशी तो घरच्यांना आत न्यायचा. एरवी ज्या गेटावर आडवा हात धरत, तिथंच त्या दिवशी कपाळाला टिळा लावत. आजच्या दिवशी कोणत्या कंपनीनं कोणाला अडवायचं नसतं, हे तिच्या मनात पक्कं होतं. शिवाय यातून तिला एक परीक्षाही सुचली.

"जिथं काम होते तिथं आज पूजा होतेच," हॉस्पिटलच्या पुढच्या वळणावर तिनं ताराला परत समजावलं. "मशीन असो का कम्प्युटर असो, हळदकुंकू लागनच. पूजा दिसली त कंपनी खरी. नाही दिसली त खोटी. यात तुह्या अभिनवले विचारायचं काही कामच नाही."

ताराला ही परीक्षा पटली असं नाही, पण डोळ्यांनी पाहता येण्यासारखी होती. रस्त्यात मारुतीचं देऊळ लागलं तेव्हा तिनं चालता चालता हात जोडले आणि मनात म्हणाली, बाबा, पोरीची शाळा सुटू देऊ नको.

"पण मावशी, इंटरव्ह्यू नाही, काही नाही. हो म्हटलं की घेतलं. असं असतं का?"

"आमच्या यायले तसंच घेतलं. छाती मोजली, पळवलं, दम नाही लागला, घेतलं. तोंडातून एक शब्द काढा नाही लागला. काढला असता त घेतलं नसतं."

"त्यांना पळवलं तरी. रेणूला तर कोणी पाहिलंसुद्धा नाही."

"रेणू पळू शकते," शकुबाई म्हणाली.

पुढच्या चौकात तारानंच पुन्हा विषय काढला. "बरं, आणि आधी पैसे कशाचे?"

इथं मात्र शकुबाईची चाल जरा मंदावली. "तेच मले समजून नाही राहिलं. प्लांटनं यायले जोडे दिले, टोपी दिली, साबण दिला. साबणाच्या वड्या त माह्या पेटीत अजून आहेत. कंपनी देत राहते वो. हे मागून कावून राहिले?"

"मग तिथंच कळलं ना."

"एका गोष्टीवरून कोणाले चोर म्हणू नाही. पूजा पाहू."

शकुबाईचं हे असंच. तुमसरकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन भिलाईला आली, आणि आल्या दिवसापासून तिनं सगळ्या जगाला प्लांटच्या मापानं मोजलं. देवळातल्या पुजाऱ्याला ती विचारते, तुमची जनरल शिफ्ट का? एकदा छातीत दुखतं म्हणून तिला दवाखान्यात नेलं तर तपासणाऱ्या डॉक्टरला म्हणाली, "तुमचा रिलिव्हर आला नाही का अजून? चेहरा उतरला आहे." तो बिचारा खरोखरच बदली डॉक्टरची वाट पाहत होता. तो तिच्या पलंगाशी बसला आणि आपलंच दुखणं सांगू लागला. मुलाच्या, प्रवीणच्या लग्नात गुरुजींनी काढलेला मुहूर्त नेमका शिफ्ट सुटायच्या वेळेचा निघाला. अर्धी वरात तेव्हा सायकलवर असेल, असं शकुबाईनं त्यांना बजावलं. गुरुजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि त्यांना त्यातच दुसरा मुहूर्त सापडला.

घरी गणपती बसला की मूर्तीसमोर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. रिलिव्हर आल्याशिवाय देवासमोरून उठायचं नाही, हा तिच्या घरचा नियम. तारानं कितीदा तरी समोरून येऊन तिला रिलीव्ह केलं आहे, आणि दर वेळी शकुबाईनं उठताना तिला रीतसर चार्ज दिला आहे: "तुपाचा दिवा भरला आहे, मोदक झाकले आहेत, उंदीर एकदा येऊन गेला."

बोरसीतली पाण्याची टाकी दिसली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टाकीमागच्या गल्लीत दोघी वळल्या आणि शकुबाई जागच्या जागी थांबली.

गल्लीच्या टोकाला एक दार झेंडूच्या माळांनी गच्च भरलं होतं. वर पाटीसारखं काही असावं, पण तेही फुलांखाली गेलेलं. आतून उदबत्तीचा धूर येत होता, स्पीकरवर भजन लागलं होतं, आणि चार-पाच माणसं सतरंजीवर बसून प्रसाद खात होती.

"पाह्य," शकुबाई हळूच म्हणाली. "पूजा."

सगळ्या वाटेवर ती मनातल्या मनात अभिनवच्या बाजूनं भांडत आली होती, आणि आता तिला त्याचीच शंका यायला लागली. शकुबाईनं पदर नीट केला, चपला बाहेर काढल्या आणि सरळ आत जाऊन टिळा लावलेल्या गृहस्थाच्या हातात नारळ ठेवला.

"आमची रेणू परवापासून तुमच्याकडे लागून राहिली," ती म्हणाली. "मी तिची सासू. पोट्टी कामाची आहे, पण सकाळची शिफ्ट देऊ नका. लेकरू लहान आहे."

त्या गृहस्थाचं नाव नरहरी. गोंदियाकडचा, पांढरा सदरा, आणि भुवयांवर कायमचं बसलेलं पीठ. त्यानं नारळ घेतला, फोडला, तुकडे वाटले. देवाचं काम उरकल्यावर मग तो खाली मान घालून म्हणाला, "नोकरीवाले का? बसा माय. पाणी प्या आधी."

मग त्यानं काठीनं दारावरची माळ बाजूला केली. माळेखाली पाटी होती. हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: यहाँ कोई नौकरी नहीं मिलती. सिर्फ गेहूँ, चना, मसाला पिसाई.

"माही आटाचक्की आहे," नरहरी म्हणाला. "कोण्या भामट्यानं आपल्या मेसेजात माहा पत्ता टाकून ठेवला. राजनांदगावहून एक पोरगा बापाले घेऊन आला. एक पोरगी पेढे घेऊन आली. एक जण त टाय लावून आला, त्याच्या टायवर बेसन उडालं. सकाळी पाटी दिसत होती, पण बायको म्हणाली आज देवाचा दिवस आहे, असं नकाराचं बोर्ड कावून दाखवायचं, म्हणून तिनं माळ घातली."

"तक्रार नाही केली?" तारानं विचारलं.

"केली ना बाई. १९३० वर, त्या ऑनलाइन फसवणुकीच्या नंबरवर, फोन केला. तुमच्या पोरीनं आधार-गिधार पाठवलं असन त बँकेतही सांगून ठेवा."

शकुबाई एवढ्यानं हलणारी नव्हती. "पण मंग ही पूजा?"

"पूजा चक्कीची आहे, माय."

"चक्कीच्या मागं काय आहे?"

"मागं म्हैस आहे."

शकुबाई उठून मागे पाहून आली. म्हैस होती. तिच्याही शिंगांत माळ होती.

"तिले हळदकुंकू कावून लावलं?"

"दूध देते. मशीनच झाली ना."

हे शकुबाईला इतकं पटलं की ती क्षणभर कशासाठी आली आहे तेच विसरली. मग म्हणाली, "तारा, त्यायले फोन लाव. दोन्हीकडचं ऐकून घेऊ."

रेणूनं तो मेसेज कौतुकानं ताराला पाठवलेलाच होता. तारानं त्यातला नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. आत भजनाचा आवाज होता, म्हणून शकुबाई फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. तारा आणि नरहरी मागच्या दारातच थांबले. मेसेजात मॅडम होत्या, पण फोनवर एक पुरुष बोलला.

"नमस्कार, एचआर डिपार्टमेंट."

"मैं रेणू की सास बोल रही," शकुबाईनं आपल्या हिंदीत सांगितलं. "तुम्हारे ऑफिस में खड़ी हूँ, बोरसी में."

"मैडम, विज़िट अलाउड नहीं है. अंदर मीटिंग चल रही है."

शकुबाईनं वाकून आत पाहिलं. आत चक्की होती आणि गव्हाच्या गोणी.

"तुम भी अंदर हो क्या?"

"जी, मैं अपनी सीट पर ही हूँ."

"तो जरा बाहर आओ. प्रसाद लाई हूँ."

"मैडम, मैं आपको कैमरे में देख रहा हूँ. आप देर कर रही हैं. शाम तक किट का पेमेंट नहीं आया तो सीट दूसरे को चली जाएगी."

"दिखता तुमको? मेरे बाजू में कौन खड़ा है, बोलो."

"आपकी बहू खड़ी है, मैडम."

शकुबाईनं बाजूला पाहिलं. म्हशीनंही तिच्याकडे पाहिलं.

दारात नरहरीनं खांद्यावरचा गमछा तोंडात कोंबला. तारानं देवाच्या दिवशी हसू नये म्हणून गणपतीचं नाव घ्यायला सुरुवात केली, पण ते मधेच अडकलं. शकुबाई मात्र हसली नाही. तिला अजून एक विचारायचं होतं.

"बरं, पूजा झाली का तुम्हारी?"

"कौन सी पूजा?"

शकुबाईनं फोनवर हात ठेवला आणि दोघांकडे वळून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "विचारते, कोणती पूजा."

नरहरीनं गमछा काढला, येऊन तिच्या हातातून फोन घेतला. "सुनो भाई. जो पता तुम बाँट रहे हो ना, मैं उसी पते से बोल रहा हूँ. ये मेरी चक्की है."

"अच्छा, सर," पलीकडचा माणूस जराही न अडखळता म्हणाला. "तो सर, आपके लिए भी पार्ट टाइम है. घर बैठे, दिन में दो घंटे."

नरहरी गोंधळला. फोन तसाच धरून ताराला म्हणाला, "मी घरीच बसतो. चक्की घरातच आहे." तारानं त्याच्या हातातून फोन घेऊन बंद केला. त्यानं अजून थोडा विचार केला असता तर बरं झालं नसतं.

"अन् हे म्हशीचं कोणी बाहेर बोलायचं नाही," शकुबाईनं नरहरीला दम दिला. "माह्या घरची इज्जत आहे."

मग ती आत येऊन गोणीवर बसली. नरहरीच्या बायकोनं द्रोणात बुंदी दिली, ती तिनं दाणा दाणा करून खाल्ली. ताराला वाटलं, आता मावशी म्हणेल, पाह्य, माझं गेट खरं निघालं. पण शकुबाईचा चेहरा उतरला होता.

"समजलं ना आता?" तारा म्हणाली. "जाऊन रेणूला सांगू. प्रश्नच मिटला."

"मिटला कसा वो?" शकुबाईनं द्रोण बाजूला ठेवला. "तिनं खिडकीजवळ टेबल लावलं. त्याच्यावर कपडा टाकला. गुंजनले सांगितलं का आता आई घरीच राहीन. प्रवीण तिले हसला होता, का तुले कोण देते नोकरी. मी जाऊन सांगितलं का हे खोटं आहे, त तो सालभर हसन. अन् मी सांगितलं म्हणूनच ती मुद्दाम राजीनामा देईन. सून आहे. तेवढा हक्क आहे तिचा. मी असती त मीही दिला असता."

"मग मी सांगते. अभिनवला बोलायला लावते."

"अभिनव शहाणा आहे, तूही शहाणी आहे. शहाण्याचं ऐकून तिचा काय फायदा? तिले त आधीच वाटून राहिलं का सगळे आपल्याले येडी समजतात."

नरहरी आत पूजेचं ताट आवरत होता. बाहेर कोणीतरी गहू घेऊन आलं, तर त्याला आज चक्की बंद आहे म्हणून त्यानं प्रसाद देऊन परत पाठवलं. शकुबाई त्या माणसाकडे पाहत राहिली आणि मग एकदम ताराच्या जवळ सरकली.

"तारा, एक काम कर माहं. नाही म्हणू नको. आज दिवे लागायच्या आत तू घरी ये, अन् माह्याकडे न पाहता सरळ रेणूजवळ बस. तिले सांग, का तुलेही तसाच मेसेज आला होता. बाबारावले न सांगता तूही पैसे भराले निघाली होती. पत्ता पाहायले तू बोरसीले गेली, अन् एकटी जाऊ वाटलं नाही म्हणून मले ओढत नेलं, अन् तिथं चक्की निघाली."

"मावशी, आजच्या दिवशी खोटं बोलू?"

"बोरसीले त आलीच ना तू, पायाले फोडही आले तुह्या. तेवढं खरं आहे. बाकीचं मी देवाले सांगते, माहं अन् त्याचं ठीक आहे." तिनं ताराचा हात धरला. "रेणूपुढं थोडी रड. नाही रडू आलं त पदर लाव डोळ्याले. मंग रेणूच तुही समजूत काढन, का मावशी जाऊ द्या, असं कोणाहीसोबत होते. अन् तुही समजूत काढता काढता तिचं तिले समजन. मी काही बोलणार नाही. मी तिथंच भाजी निवडत बसीन. फक्त फसायची होती ती तू होती, असं तिले वाटू दे वो. एवढं कर माह्यासाठी."